माकडहाडासाठीची खाचेची उशी: सात महिने वापरल्यानंतर

पाचव्या महिन्यात उशी बसली. वरून नव्यासारखीच दिसते, कव्हर धड, शिवण धड. पण मी बसले की फोम पार तळाला टेकतो आणि माकडहाड खुर्चीच्या फळीला लागतं. ज्या दुखण्यासाठी घेतली तेच परत सुरू झालं.

कंपनीला कळवलं तर म्हणे फोटो पाठवा. फोटोत काय दिसणार? वजन काढलं की फोम फुगून पुन्हा वर येतो. तीन ईमेल झाल्यावर उत्तर आलं, ‘उत्पादनात दोष आढळला नाही.’ वर्षभराची हमी छापायची आणि दोष मात्र उशी रिकामी असताना शोधायचा, याचा संताप अजून गेलेला नाही.

तरीही एक सांगते, मधे भोक असलेली गोल उशी घेऊ नका. जिन्यावरून घसरून पडल्यावर मी आधी दोन महिने तीच वापरली. तिची मागची कडा नेमकी माकडहाडाखाली येते. खाच मागच्या बाजूने उघडी हवी, म्हणजे भार बैठकीच्या दोन हाडांवर जातो आणि माकडहाड अधांतरी राहतं. घरी आणल्यावर पहिलं काम हेच करा: उशीवर बसा, मागून हात घाला, खाचेत बोटं मोकळी फिरतात का बघा. पहिल्या आठवड्यात माझी चार बोटं सहज जायची. पाचव्या महिन्यात एक जाईना.

इथवरचं लिहून मी एक स्टार देणार होते. मधल्या काळात फिजिओथेरपिस्टकडे गेले आणि मत थोडं बदललं. तिने पहिलं विचारलं, ‘सलग किती वेळ बसता?’ उशी नव्हती तेव्हा दुखायला लागलं की अर्ध्या तासात उठावंच लागायचं. उशी आल्यावर मी अडीच-अडीच तास बसू लागले, तेही मागे रेलून. मागे रेललं की माकडहाडावरचा भार वाढतो, हे मला माहीतच नव्हतं. उठतानाची कळ मला सगळ्यात जास्त छळायची. आधी कमरेतून पुढे झुकायचं आणि मग उठायचं, एवढ्यानेच ती निम्मी झाली. माकडहाडाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू जोडलेले असतात, ते माझे आखडले होते. पोटातून सावकाश श्वास घेत ते सैल सोडायला तिने शिकवलं. शौचाला जोर द्यायचा नाही, पोट साफ राहील असं बघायचं, हेही बजावलं. तेव्हा सगळा दोष फोमचा नव्हता, हे मान्य.

डॉक्टरांनी एक एक्स-रे उभं राहून आणि एक बसून काढायला लावला, कारण माकडहाड जास्त हलतंय का ते बसल्यावरच कळतं. बायकांमध्ये हे दुखणं पुरुषांच्या साधारण पाचपट आढळतं, असंही ते म्हणाले. बहुतेक जण गोळ्या, उशी आणि व्यायामावरच बरे होतात. त्यावर भागलं नाही तर इंजेक्शन, आणि हाड काढायची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. माझ्यावर इंजेक्शनची वेळ आली नाही. मात्र बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, गाठ किंवा पू यातलं काहीही असेल तर उशी शोधत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

नवी उशी घेतलेली नाही, एकाच गोष्टीला दोनदा पैसे मोजायचे नव्हते. कव्हरची चेन उघडली, जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे उशीच्या मापाने कापले, खाचही तशीच कापली आणि फोमखाली सरकवले. आता तीन बोटं जातात. दर अर्ध्या तासाने उठते. तीन स्टार देतेय, तेही खाचेच्या आकारासाठी. पुढची घेईन तेव्हा फोमची घनता लिहिलेली नसेल तर हातही लावणार नाही.