कोव्हिशील्ड की कोव्हॅक्सिन: कोणाच्या चाचण्यांचा माग काढणं सोपं होतं?

2020 मध्ये नागपुरात दोन्ही लसींच्या चाचण्या झाल्या, त्यामुळे चर्चेला तोटा नव्हता.

कोव्हिशील्डचं सोपं. परिणामकारकतेचे आकडे ब्रिटन-ब्राझीलहून आले आणि डिसेंबर 2020 मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले: 70.4 टक्के. ही सरासरी जरा फसवीच, बरं का. दोन पूर्ण डोसवाल्यांत 62.1, पहिला अर्धा डोस मिळालेल्यांत 90. भारतातल्या 1,600 जणांच्या चाचणीत सुरक्षितता आणि प्रतिकारशक्ती तपासली, एवढंच.

कोव्हॅक्सिनचा तिसरा टप्पा 25,800 जणांचा, सगळा इथलाच. पण 3 जानेवारी 2021 ला मंजुरी जाहीर झाली तेव्हा त्याचा निकाल हाती नव्हता. 77.8 टक्के 'लॅन्सेट'मध्ये यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर बराच काळ कंपनीच्या पत्रकांवर भागवावं लागलं. मला हे खटकलंच. घरच्या चाचणीची माहिती आधी मिळायला हवी होती.