हलकं डार्क मॅटर: ऊर्जेची तूट मोजायची की धक्क्याची वाट पाहायची?

डार्क मॅटरचे (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे) कण प्रोटॉनहून हलके असतील, तर ते शोधणाऱ्या जमिनीखालच्या द्रव झेनॉनच्या टाक्यांना त्यांचा धक्का जेमतेमच जाणवणार. मग इलेक्ट्रॉनच्या झोतातून ते कण घडवूनच का पाहू नयेत?

जुनी वाट बीम डंपची: झोत जाड अडथळ्यात (डंपमध्ये) पुरता अडवायचा आणि तिथे घडलेले कण पलीकडच्या डिटेक्टरला धडकतात का ते पाहायचं. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत ई-१३७ प्रयोगात २० जीईव्हीचे (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन डंपवर आदळवले; मधे १७९ मीटर टेकडी, पलीकडे डिटेक्टर. हाती शून्य. (शोध खरं तर ॲक्सिऑन या काल्पनिक हलक्या कणासारख्या कणांचा होता, डार्क मॅटरचा अर्थ नंतर लावला गेला.)

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचा एनए६४ प्रयोग हिशेबनीस आहे. १०० जीईव्हीचा एकेक इलेक्ट्रॉन शिसं आणि सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ) यांच्या कॅलोरीमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या यंत्रात, अडवायचा. निम्म्याहून जास्त ऊर्जा गायब आणि मागच्या डिटेक्टरांत सामसूम, तर ती डार्क मॅटरने नेली असा संशय घ्यायचा. चुंबकात वळताना सुटणारं सिंक्रोट्रॉन प्रारण आधी तपासतात, नाहीतर झोतात मिसळलेला एखादा पायॉन (इलेक्ट्रॉनहून जड कण, तो असं प्रारण जवळजवळ सोडत नाही) फसवायचा.

खरी मेख गणितात आहे. बीम डंपमध्ये कण तयार व्हायला हवा आणि पुढे धडकायलाही हवा, त्यामुळे संकेत युग्मनाच्या (डार्क मॅटरचं साध्या कणांशी नातं किती घट्ट याच्या मापाच्या) चौथ्या घातावर अवलंबून. एनए६४ला नुसतं तयार होणं पुरतं, म्हणजे वर्गच. ई-१३७ला एकावर वीस शून्यं इतके इलेक्ट्रॉन लागले. एनए६४ने २०२२पर्यंतच्या सुमारे ९४ हजार कोटी इलेक्ट्रॉनांतच युग्मन किती मोठं असू शकतं यावर कडक मर्यादा घातल्या. सापडलं मात्र तिथेही काही नाही.

मर्यादा घालायच्या तर माझं मत एनए६४ला. पण तूट म्हणजे नुसती गैरहजेरी. कणाने दिलेला धक्का प्रत्यक्ष दाखवायचा, तर अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या बीडीएक्स प्रयोगासारखा बीम डंपच हवा.