डीएनए किट ठीक, पण ‘प्राचीन पूर्वज’ अहवालाचे बाराशे वाचवा

किट भाच्याने मागवलं, नळीत थुंकलो आम्ही दोघं. कंपनीचं नाव लिहीत नाही. असले अहवाल विकणारी ती एकटी नाही.

माझी नोकरी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, त्यामुळे नजर आधी नळीवर गेली. नळी चांगली आहे. द्रावण झाकणातच असतं, झाकण आवळलं की लाळेत उतरतं, मग नळी वरखाली हलवायची. आधी अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. रेघेपर्यंत लाळ हवी, फेस धरायचा नाही, हे मात्र बारीक अक्षरात कोपऱ्यात छापलंय. अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला. नातेवाइकांच्या यादीत माझी मावसबहीण अगदी बरोबर नात्याने आली. तिनेही हेच किट केलंय याचा मला पत्ताच नव्हता. इथवर पैसे वसूल.

पुढचं ऐका. बाराशे रुपये जादा भरले की ‘प्राचीन पूर्वज’ अहवाल उघडतो. माझा असा: हडप्पा 57.3 टक्के, अंदमानी आदिवासी 31.8, स्टेप (मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातले प्राचीन पशुपालक) 10.9. शेजारी रंगीत वर्तुळ. दशांश बघूनच कपाळाला आठी पडली. आमच्या लॅबमध्ये दशांश लिहायचा तर मशीन तेवढं खात्रीचं लागायचं.

हडप्पाचा डीएनए म्हणजे कोणाचा? हरियाणात राखीगढीला डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने उत्खनन केलं. तिथल्या 61 नमुन्यांवर प्रयत्न झाले आणि उपयोगी डीएनए निघाला एका बाईचा. एकीचाच! आपल्या उन्हात हाडातला डीएनए टिकत नाही. टिकलाच तर आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडात. तिचाही तुटपुंजा होता, शंभरावर लायब्ररी (म्हणजे मशीनवर वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएचे नमुने) कराव्या लागल्या तेव्हा कुठे 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. तिच्याशी जुळणारे आणखी 11 जण मिळाले, तेही भारताबाहेर, तुर्कमेनिस्तानातल्या गोनूरला आणि इराणमधल्या शहर-ए-सोख्ताला.

बरं, ही बाई स्वतःच मिश्र वंशाची. इराणच्या बाजूच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा मोठा वाटा, आणि इथल्या मूळच्या शिकारी लोकांचा दुसरा. स्टेपचा मागमूस नाही. म्हणजे वर्तुळात ज्याला ‘अंदमानी’ म्हणून वेगळा रंग दिलाय, त्यातलं काही ‘हडप्पा’च्या रंगातही आहेच. मग 57.3 आणि 31.8 वेगवेगळे मोजले कसे?

आणि तो ‘अंदमानी’ शब्द तर सरळ दिशाभूल आहे. शेतीच्या आधीपासून या भूमीवर राहणाऱ्या त्या माणसांचा एकही प्राचीन सांगाडा त्या अभ्यासाला मिळाला नव्हता. म्हणून तुलनेला आजचे ओंगे घेतात. ओंगे लिटल अंदमानवर राहणारी हयात माणसं आहेत, आपले पूर्वज नव्हेत. त्यांची आणि मुख्य भूमीवरच्या शिकाऱ्यांची शाखा हजारो वर्षांपूर्वीच फुटली. लांबचं चुलत नातं म्हणा. अहवालात मात्र नकाशावर अंदमानहून थेट महाराष्ट्रात बाण! भाच्याने विचारलंच, “मावशी, आपली माणसं होडीने आली का गं?”

संशोधक ‘अंदमानींशी नातं असलेला’ असं जपून लिहितात. तेवढे दोन शब्द कंपनीला जड झाले.

कस्टमर केअरला विचारलं, तुलनेला कोणते नमुने घेतलेत? उत्तर आलं, पद्धत गोपनीय आहे. बाराशे परत मागितले, तर डिजिटल अहवाल परत घेत नाही म्हणाले. राखीगढीचा मूळ निबंध नेटवर फुकट वाचता येतो. इंग्रजी जड आहे, पण आकृत्या बघितल्या तरी पुष्कळ उमजतं.

किटला चार तारे, या अहवालाला एक. आणि घेणार असाल तर संमतीच्या पानावर ‘संशोधनासाठी वापर’ ही चौकट आधीच टिक केलेली असते, ती काढायची की ठेवायची ते स्वतः ठरवा.