क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात भाड्याची आरव्ही: गाडी, जागा आणि टाक्यांचा हिशेब

ॲरिझोनातील फिनिक्स शहरातून इंटरस्टेट १० या महामार्गाने पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटर गेले की क्वार्ट्झसाइट हे छोटे गाव लागते. उन्हाळ्यात येथे फारसे कोणी फिरकत नाही. हिवाळ्यात मात्र कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून आलेल्या निवृत्त मंडळींच्या आरव्हींनी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांनी, गावाभोवतीचे वाळवंट भरून जाते. जानेवारीत आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि भारतातून आलेले माझे आईवडील असे सहाजण भाड्याची आरव्ही घेऊन तेथे राहून आलो. राहण्याच्या जागेला वीज, नळ किंवा गटार यांपैकी कशाचीही जोडणी नव्हती, आणि ती नसावी हाच आमचा हेतू होता. जागा उत्तम, गाडी कामापुरती चांगली आणि भाड्याने देणाऱ्या कंपनीने दिलेली माहिती अपुरी, असे माझे मत झाले. तिचे नाव येथे देत नाही, कारण या व्यवसायात बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याची रीत अशीच आहे.

आधी जागेविषयी. गावाच्या दक्षिणेला यूएस ९५ या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ला पोसा नावाचा विस्तीर्ण सरकारी माळ आहे. तो ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या केंद्रीय खात्याकडे असून दीर्घ मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी असे माळ राखून ठेवण्याची पद्धत १९८३ पासून चालू आहे. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो. संपूर्ण हंगामासाठी १८० डॉलर आणि १४ दिवसांसाठी ४० डॉलर हे अनेक वर्षे चालत आलेले शुल्क आहे. तरी निघण्यापूर्वी ते एकदा पाहून घ्यावे. एवढ्या पैशांत पिण्याच्या पाण्याचा नळ, कचरापेट्या आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याचे डंप स्टेशन मिळते. आखलेल्या जागा नाहीत, क्रमांक नाहीत, आरक्षण नाही. जेथे जमीन सपाट आणि शेजारी पुरेसा लांब, तेथे गाडी उभी करायची. गावाच्या उत्तरेला प्लोमोसा रोडवर बीएलएमच्याच जमिनीवर १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येते, पण तेथे नळही नाही आणि डंप स्टेशनही नाही. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हे ४० डॉलर वाचवण्याच्या फंदात पडू नये.

आता गाडी. आम्ही घेतलेली आरव्ही क्लास सी प्रकारची, म्हणजे व्हॅन किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, सुमारे ३० फुटी होती. चालकाच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक आणि जेवणाचे टेबल पाडून तिसरा, अशी सहाजणांची सोय झाली. पायऱ्या उंच असल्यामुळे गुडघ्यांनी त्रासलेल्या आईला चढउतार करताना हात द्यावा लागे, आणि न्हाणीघर इतके अरुंद की त्यात वळण्यापूर्वी विचार करावा. पण पलंग, पडदे, गादीचा मऊपणा या गोष्टी वाळवंटात फारशा महत्त्वाच्या राहत नाहीत. तेथे गाडीची खरी पारख टाक्यांवरून आणि बॅटरीवरून होते, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रांत नेमके हेच दिसत नाही.

टाक्या तीन असतात. आमच्या गाडीत ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे जवळपास १५० लिटरची होती. स्वयंपाकाच्या आणि आंघोळीच्या सांडपाण्याची ग्रे टँक आणि शौचालयाची ब्लॅक टँक या दोन्ही तिच्याहून लहान होत्या. पाणी संपेल अशी भीती सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात आमच्या पद्धतीच्या संसारात सर्वांत आधी भरते ती ग्रे टँक. सँडविचवर दिवस काढणाऱ्या कुटुंबाला पाणी लागते ते पिण्यापुरते. आपल्याकडे तांदूळ धुणे, डाळ धुणे, कुकर, कढई, पोळपाट, सहा ताटे आणि वर चहाची भांडी हे सगळे पाणी त्या एकाच टाकीत उतरते. ते बाहेर मातीवर ओतण्यास ला पोसात मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आईने दुसऱ्याच दिवशी कारभार हाती घेतला. भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची, तांदूळ धुतलेले पाणी शौचालयात वापरायचे, आणि आंघोळ एका लहान बादलीत मोजून. चाळीतल्या सकाळच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. मुलांना मात्र शॉवर मध्येच बंद करून साबण लावण्याची सवय लावताना बरेच वादविवाद झाले. एकाच पातेल्यातली मूगडाळीची खिचडी आणि भाजलेले पापड हे तेथले सर्वांत शहाणपणाचे जेवण आहे. पोळ्या होतात, पण कोरड्या हवेत कणकेच्या गोळ्याला पाहता पाहता साल येते, म्हणून तो ओल्या कापडाखाली ठेवावा. फोडणी देताना छतातील पंखा आधी सुरू करावा, नाहीतर मोहरी तडतडण्यापूर्वी धुराचा गजर वाजतो.

विजेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि कंपनीवरचा माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. जोडणी नसताना दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा हे सगळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. शेगडी, पाणी तापवणे, फ्रिज आणि हीटरची आच प्रोपेनवर चालते. भिंतीतले नेहमीचे सॉकेट, मायक्रोवेव्ह आणि छतावरचे एसी यांना जनरेटर लागतो. आमच्या गाडीत बॅटरीच्या विजेवर सॉकेट चालवणारा इन्व्हर्टर नव्हता, त्यामुळे मिक्सर फिरवायचा तर जनरेटर लावूनच. जानेवारीत येथे दिवस सुखद असतात, परंतु कोरड्या हवेमुळे सूर्य मावळताच उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पहाटेपर्यंत चांगलीच थंडी पडते. रात्रभर हीटर लागतो. त्याची आच गॅसची असली तरी ऊब खोलीत ढकलणारा पंखा बॅटरी खातो. नेहमीच्या लेड ॲसिड बॅटरीची साधारण निम्मीच क्षमता वापरावी, त्यापुढे गेल्यास ती लवकर खराब होते. आणि भाड्याच्या गाडीतली बॅटरी आधीच्या किती भाडेकरूंनी तळापर्यंत उतरवली आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

आमच्या बाबतीत पहाटे व्होल्टेज पडले, हीटरचा पंखा बंद झाला आणि कमी विजेमुळे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे इशारायंत्र टिकटिकू लागले. आदल्या संध्याकाळी पॅनेलवर बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती, यावरून ती जुनी असावी हे उघड होते. ला पोसात रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असल्यामुळे तेव्हा जनरेटर लावता येत नाही, म्हणून उजाडेपर्यंत आईवडिलांना सगळ्या रजया देऊन आम्ही बाकीचे स्वेटर घालून बसलो. सकाळी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा अत्यंत सौजन्याने सल्ला मिळाला की गाडी जवळच्या विजेच्या जोडणीला लावावी. जोडणी नसलेल्या ठिकाणी जाणार असल्याचे आम्ही करार करतानाच सांगितले होते. गाडी ताब्यात देताना त्यांच्या माणसाने बाहेरची छत्री कशी उघडायची हे दोनदा दाखवले, परंतु बॅटरीची क्षमता, तिचे वय आणि जनरेटर दिवसाला किती चालवावा यांविषयी तो एक शब्दही बोलला नाही. त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी जनरेटर चालवून झोपण्यापूर्वी बॅटरी भरून घेऊ लागलो आणि हीटर कमी तापमानावर ठेवला, तेव्हा रात्र निभावली. जनरेटर गाडीच्याच इंधनावर चालतो आणि टाकी सुमारे पाव भागावर आली की आपोआप थांबतो, जेणेकरून परत जाण्यापुरते इंधन उरावे. ही सोय उत्तम आहे, पण ती ठाऊक नसेल तर जनरेटर बिघडला असे वाटते.

करारातील आणखी एक कलम बारकाईने वाचण्याजोगे आहे. भाड्याच्या आरव्ही कच्च्या रस्त्यावर नेण्यास पुष्कळ कंपन्या मनाई करतात किंवा केवळ अधिकृत मुक्कामस्थळापर्यंतच परवानगी देतात. यूएस ९५ वरून आणखी दक्षिणेला कोफा अभयारण्य आहे. तेथील पाम कॅन्यनमध्ये खडकाच्या चिरेत रानटी ताडवृक्ष उभे आहेत आणि तेथले आकाश ला पोसापेक्षा काळे असते. पण तेथे पोहोचण्याचा अखेरचा टप्पा खडीचा असल्यामुळे आम्हाला तो बेत सोडावा लागला. ला पोसातही व्याध आणि मृग डोळ्यांत भरतात, वडिलांनी दक्षिण क्षितिजालगत अगस्त्यही दाखवला. परंतु गावाचे दिवे आणि महामार्गावरील ट्रकचा आवाज पूर्णपणे नाहीसा होत नाही. निर्मनुष्य वाळवंटाची कल्पना मनात धरून येणाऱ्याची येथे थोडी निराशा होईल. उलट वृद्ध माणसे बरोबर असताना हाकेच्या अंतरावर शेजारी, फोनला सिग्नल आणि गावात दुकाने असणे, हे मला गुणच वाटले.

मुलांसाठी काटेरी चोया हे सर्वांत मोठे संकट आहे. या निवडुंगाचे तुकडे नुसत्या धक्क्याने कपड्यांना चिकटतात आणि हाताने काढू गेल्यास हातालाच चिकटतात. रुंद दातांचा कंगवा जवळ ठेवला तर ते एका झटक्यात निघतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ज्याला येथे वॉश म्हणतात, सावली आणि मऊ वाळू पाहून गाडी लावण्याचा मोह होतो, पण दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे अचानक येऊ शकतो. गॅसवरच्या फ्रिजसाठी गाडी समतल उभी करणे आवश्यक असते, म्हणून चाकांखाली ठेवायच्या फळ्या कंपनीकडून मागून घ्याव्यात. त्या आपणहून दिल्या जात नाहीत. गावातील स्मशानात हाजी अलीचे स्मारक अवश्य पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन सैन्याने या वाळवंटात उंटांचा प्रयोग केला, तेव्हा आलेला हा उंटवाला १९०२ मध्ये येथेच वारला. लहानशा पिरॅमिडवर उंटाची आकृती आहे आणि खाली इंग्रजी वळणाचे ‘हाय जॉली’ हे नाव. मुंबईत जन्म काढलेल्या माझ्या आईने तेथे नकळत हात जोडले.

खर्च पाहता ही सहल स्वस्त म्हणता येणार नाही. जागेचे भाडे नगण्य असले तरी गाडीचे रोजचे भाडे, मैलांचा आकार, जनरेटरच्या तासांचा वेगळा आकार, विमा आणि इंधन मिळून सहाजणांच्या मध्यम दर्जाच्या हॉटेलइतके पैसे जातात. डंप स्टेशनवर रविवारी सकाळी मोठी रांग लागते, त्यामुळे टाक्या शनिवारीच रिकाम्या कराव्यात. भरलेल्या टाक्या परत दिल्यास कंपनी त्याचेही पैसे घेते. आमच्या तक्रारीनंतर कंपनीने जनरेटरच्या तासांचा आकार परत केला, बॅटरीविषयी मात्र काहीही कबूल केले नाही. त्यांच्याकडून पुन्हा गाडी घ्यायची झाल्यास मी लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल असलेलीच मागेन, आणि ती नसेल तर जोडणी असलेल्या मुक्कामस्थळापलीकडे तिला नेणार नाही.