उंच ड्रायव्हर आणि जुना पिकअप: सीट बदलावी, टाकी हलवावी की केबिनच कापावी?

सव्वासहा फूट उंचीचा माणूस १९५० च्या आसपासच्या शेवरलेत किंवा साठीतल्या फोर्ड एफ-१०० मध्ये बसला की तीन तक्रारी ठरलेल्या. गुडघे स्टिअरिंगला लागतात, डोकं छताला टेकतं आणि सिग्नल बघायचा तर मान खाली घालून काचेतून वर डोकवावं लागतं. तिन्हींवर उपाय आहेत, पण एकच उपाय तिन्हींना चालत नाही. कुणी सांगतं, "सीट खाली घे." सीट खाली घेतली की डोकं सुटतं आणि गुडघे आणखी वर येतात. मग लहान स्टिअरिंग बसवलं जातं, मग ते जड लागतं म्हणून पॉवर स्टिअरिंग. खर्च वाढत जातो आणि अवघडलेपण होतं तिथंच राहतं.

म्हणून पहिलं काम मोजायचं. गाडी सपाट जागी उभी करा, नेहमीचे बूट घालून बसा, दार लावून घ्या आणि टेप दुसऱ्याच्या हातात द्या. डोक्यापासून छतापर्यंत किती, स्टिअरिंगच्या खालच्या कडेपासून मांडीपर्यंत किती, सीटच्या पाठीपासून मागच्या पत्र्यापर्यंत किती. हे मोजताना क्लच दाबून पाय स्थिर ठेवू नका. क्लचवरून पाय उचलताना डावा गुडघा सगळ्यात वर येतो आणि खरी धडक तेव्हाच बसते. त्याच बाजूला जमिनीवर हेडलाइटचा डिपर असतो, पायाने दाबायचा. मोठ्या मापाच्या बुटाला क्लच आणि डिपर यांच्यामध्ये जागाच उरत नाही. डिपर स्टिअरिंगच्या कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर, नेणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि पायाला त्याचा मोठा फरक पडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहील: या गाड्यांची केबिन बहुतेक वेळा उंचीला कमी नसते, लांबीला कमी असते. त्या काळी ड्रायव्हर खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसेल असं धरून केबिन आखल्या होत्या. त्यामुळे वर-खालच्या खटपटीपेक्षा मागे सरकण्याच्या खटपटीत फायदा जास्त आहे.

सीट की टाकी?

बहुतेकांची अडचण इथेच सुटते, म्हणून यावर जरा सावकाश बोलू.

मूळ सीट म्हणजे स्प्रिंगांच्या जाळीवरचं लांबलचक बाकडं. स्प्रिंगा आणि वरचा थर मिळून कुशन बरंच जाड होतं. सीट शिवणाऱ्याकडून ती उकलून स्प्रिंगांऐवजी पट्ट्यांची विण आणि घट्ट, पातळ फोम घातला तर दीड-दोन इंच उंची सहज सुटते. बाहेरून कुणाला काही कळत नाही, मूळ कव्हरचा नमुनाही ठेवता येतो. अनेक केबिनमध्ये सीटखाली पत्र्याचा ओटा असतो. तो कापून बुटका केला तर आणखी उंची मिळते, पण मग काम वेल्डिंगवर जातं. मागचेच बोल्ट थोडे खाली घेतले तर पाठ कलते आणि मांडीला आधार मिळतो. लांब पायांच्या माणसाला हा आधार हवाच असतो, नाहीतर तासाभरात कंबर भरून येते.

दुसरा मार्ग सुट्या बकेट सीटचा. पहिल्या पिढीच्या माझ्दा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या सीट लोक आवडीने लावतात, कारण त्या बुटक्या आणि अरुंद आहेत आणि डोक्याचा आधार पाठीतच आहे. रुंद खांद्याच्या माणसाला मात्र त्या आवळतात. १९८८ नंतरच्या जनरल मोटर्स पिकअपची साठ-चाळीस अशी विभागलेली सीट शेवरलेच्या सी-१० पिकअपमध्ये चांगली दिसते, पाठ मागे कलते आणि तिसऱ्या माणसाची जागाही राहते. फक्त कलायला मागे जागा लागते, आणि मागे काय आहे? टाकी.

शेवरलेने १९४९ पासून १९७२ पर्यंत बहुतेक अर्ध्या टनी पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी ठेवली. साठीतल्या आणि पुढे १९७२ पर्यंतच्या एफ-१०० मध्येही तसंच. म्हणजे पाठीमागे वीस गॅलनच्या आसपास पेट्रोल, वळणावर त्याची डुचमळ आणि उन्हात त्याचा वास. टाकी निघाली की सीट तीन-चार इंच मागे जाते, शिवाय पाठ कलवायला मोकळीक मिळते. नुसत्या सीटच्या कामात यातलं निम्मंही हाती लागत नाही.

टाकी जाते मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे, चॅसीच्या दोन दांड्यांच्या मध्ये. फोर्डवाले सुरुवातीच्या मस्टँगची चपटी टाकी वापरतात, शेवरलेवाले ब्लेझरची. त्या जागेसाठी तयार मिळणाऱ्या टाक्याही आहेत. वाचताना हे एका सुट्टीचं काम वाटतं, प्रत्यक्षात त्याला बरीच शेपटं आहेत. स्टेपनी बहुधा तिथेच टांगलेली असते, तिला नवी जागा शोधावी लागते. सायलेन्सरचा पाइप टाकीजवळून जात असेल तर तो वळवावा लागतो. पेट्रोल भरायचं तोंड हौद्याच्या तळात किंवा कडेला काढावं लागतं, वाफेची नळी टाकीच्या वरच्या बिंदूपासून न्यावी लागते. केबिनच्या बाजूचं जुनं भोक पत्रा लावून बुजवायचं की झाकण शोभेला तसंच ठेवायचं, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. मी असतो तर ठेवलं असतं, कारण त्या झाकणाशिवाय केबिनची बाजू ओकीबोकी दिसते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: पेट्रोलचा काटा. १९६५ नंतरच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांचा तरंगता सेन्सर रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला नव्वद ओहम दाखवतो. त्याआधीचा शून्य ते तीस. जुन्या फोर्डचा उलटा, रिकामी म्हणजे ७३ आणि भरलेली म्हणजे १०. टाकी एका घराण्यातली आणि मीटर दुसऱ्या घराण्यातला असला की भरलेली टाकी रिकामी दिसते. सेन्सर मीटरशी जुळणारा घ्या, टाकी कुठलीही असो. आणि जुनी टाकी काढल्यावर तिच्यावर किंवा तिच्याजवळ वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

तर निवड अशी: अडचण दोन इंचांची असेल आणि ती फक्त डोक्याची असेल तर सीट शिवून घ्या आणि थांबा. गुडघ्यांचीही असेल तर टाकी आधी, सीट नंतर. उलट क्रमाने केलं तर नवी सीट जुन्या टाकीला टेकून बसते आणि तिचे बोल्ट पुन्हा काढावे लागतात.

टिल्ट कॉलम की लहान स्टिअरिंग?

या गाड्यांचं मूळ स्टिअरिंग सतरा इंच किंवा त्याहून मोठं असतं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून तेवढा व्यास लागायचा. पंधरा इंची लावलं तर व्यास दोन इंचांनी कमी होतो, पण मांडीजवळ मिळतो एकच इंच, कारण दुसरा इंच वरच्या बाजूला जातो. त्या एका इंचासाठी उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना खांदे दुखून घ्यायचे. पॉवर स्टिअरिंग असेल तरच हा सौदा परवडतो.

टिल्ट कॉलम, म्हणजे वर-खाली कलवता येणारा कॉलम, महाग आहे, पण चढता-उतरताना स्टिअरिंगचं चाक वर ढकलता येतं आणि मांडी सुटते. काही कॉलम मूळ मापापेक्षा आखूडही मिळतात, म्हणजे चाक डॅशबोर्डकडे सरकतं. छातीपाशी अडचण असणाऱ्यांना हाच भाग जास्त उपयोगी. तोटा एकच, चाक खाली घेतलं की त्याची कड नेमकी स्पीडोमीटरवर येते. आणखी एक फायदा सहसा कुणी बोलत नाही. जुना कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सपासून छातीपर्यंत एकसंध दांडा, समोरून धडक झाली तर तो सरळ आत येतो. नव्या कॉलमला मध्ये सांधे असतात आणि धडकेत दबणाराही घेता येतो. दोन्हींपैकी एकच करायचं असेल तर टिल्ट कॉलम. जुन्या दांड्याला कापून, वेल्डिंग मारून आखूड करणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

तळ खाली की छप्पर वर?

दोन्हींत मला फारसा रस नाही, तरी लोक विचारतात म्हणून. तळाचा पत्रा चॅसीच्या दांड्यांवर बसतो, त्यामुळे दांड्यावरच्या भागात काहीच मिळत नाही. दांडा आणि दाराच्या उंबरठ्याच्या मध्ये टाचेसाठी खळगा करता येतो, तेवढाच. तळ गंजून चाळण झाला असेल आणि नाहीतरी नवा घालायचा असेल, तरच हा विचार करावा. गाडी आधीच खाली बसवलेली असेल तर तोही सोडा.

छप्पर उंच करायचं तर चारही खांब कापून मध्ये तुकडे घालायचे. प्रश्न काचेचा. १९४७ ते १९५३ च्या शेवरलेची पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, ती हव्या मापाची कापून मिळते. १९५४ पासून एकसंध वक्र काच आली, ती तुमच्या मापाची कुठे मिळणार? शिवाय ज्या गाड्यांचा सगळा रुबाब छताच्या गोलाईत आहे, त्या उंच टोपी घातल्यासारख्या दिसायला लागतात. सिग्नल न दिसण्याची अडचण असेल तर त्यावर पन्नाशीच्या दशकात एक गमतीशीर वस्तू मिळायची: डॅशबोर्डवर चिकटवायचं लहानसं प्रिझम, ज्यात वरचा सिग्नल दिसतो. अजूनही त्याच्या नकला मिळतात.

केबिन लांब करावी की दुसरी गाडी घ्यावी?

साडेसहा फुटांच्या माणसाला टाकी काढूनही पुरत नाही, तेव्हा हा प्रश्न येतो. दाराच्या मागे केबिन उभी कापून चार-सहा इंचांचा पट्टा घालायचा, छत आणि तळ जोडायचे. दारं लांब केली नाहीत तर तुम्ही दाराच्या खांबाच्या मागे बसता आणि बाजूचं बघायला पुढे झुकावं लागतं. दारं लांब केली तर दारांचे पत्रे, आतल्या यंत्रणा, काचा, सगळंच नवं. त्यात केबिन मागे वाढली की हौदा तिच्यावर आदळतो. मग चॅसी लांब करा किंवा हौदा आखूड करा. हौदा नुसता मागे सरकवला तर मागचं चाक चाकाच्या कमानीत मधोमध बसत नाही, आणि हे दहा फुटांवरून दिसतं.

यावर एक हुशारीचा मार्ग आहे. १९६७ ते १९७२ च्या सी-१० चा आखूड व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ११५ इंच, लांब १२७. लांब चॅसीवर आखूड हौदा ठेवला की बारा इंच आयते मिळतात, दांडे मध्ये न कापता. मात्र मग केबिनमध्येही नेमके बारा इंच घालावे लागतात, कमी घातले तर फट राहते. असं काम करणारा चांगला पत्रेवाला मिळाला तरी महिने जातात, आणि एकदा कापलेली केबिन पुन्हा मूळ होत नाही. विकताना तिचा चाहताही तुमच्यासारखाच उंच लागतो.

त्याऐवजी कारखान्यानेच लांब केलेली केबिन बघा. डॉजने १९७३ मध्ये क्लब कॅब आणली, फोर्डने १९७४ मध्ये सुपरकॅब. जनरल मोटर्सची १९८८ मध्ये आली. इंटरनॅशनल कंपनीची ट्रॅव्हलेट तर १९५७ पासून दोन ओळींच्या सीटची, आणि पन्नाशीचं रूप हवंच असेल तर तीच एक. नुसती जागा हवी असेल तर १९७३ नंतरची साधी सी-१० सुद्धा पुरेल, कारण त्या वर्षी टाकी केबिनमधून बाहेर पडली. ती गेली चॅसीच्या दांड्यांच्या बाहेरच्या बाजूला, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींवरून पुढे अमेरिकेत मोठा वाद झाला. तेव्हा ती गाडी घेतली तरी टाकी दांड्यांच्या मध्ये नेण्याचं काम डोक्यात ठेवावं. गोलसर छताचा हट्ट नसेल, तर कापाकापीपेक्षा मी या रांगेतली गाडी शोधीन.

मागे सरकल्यावर

सीट मागे गेली की डोकं मागच्या काचेजवळ येतं. मूळ बाकड्याला डोक्याचा आधार नसतो, मागून धक्का बसला की डोकं थेट काचेवर. म्हणून टाकी काढणाऱ्याने आधार असलेलीच सीट घ्यावी. पट्ट्याचंही तसंच. खांद्यावरच्या पट्ट्याचा वरचा बोल्ट खांद्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर हवा. खाली असेल तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि तो भार मणक्यावर येतो. उंच माणूस, मागे सरकलेली सीट आणि जुना खांब यांत हे माप हटकून चुकतं. नव्या गाड्यांच्या काही सीटमध्ये पट्टा सीटलाच जोडलेला असतो, तो सोयीचा वाटतो, पण धडकेचा सगळा भार सीटच्या चार पायांवर येतो. पन्नास वर्षांचा पातळ पत्रा तो पेलत नाही. खाली जाड पट्ट्या घालून त्या चॅसीच्या आधाराशी बांधल्या नसतील तर ती सीट लावू नये. बोल्टची भोकं पाडण्याआधी सीट लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, दार लावा, क्लच दोन-चारदा पूर्ण दाबून सोडा, मान वळवून मागची काच किती लांब आहे ते बघा, आणि मगच ड्रिल हातात घ्या.