१३४ लाही हिरवी पट्टी: ल्युपस असताना घरचं बीपी मशीन, आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात घेतलेलं बीपीचं मशीन आता कुठे जुलैत नीट वापरता यायला लागलंय, म्हणून लिहिते. मशीनचं नाव मुद्दाम टाळते. दंडाला पट्टा बांधा, बटण दाबा, या प्रकारातली बहुतेक मशीनं सारखीच असतात. मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. वय ३९, राहायला अमळनेर. २०१९ पासून त्यावरची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि कमी-जास्त प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) चालू आहे. मागच्या वर्षी लघवीतून प्रोटीन जायला लागलं, म्हणजे किडनीला त्रास, तेव्हापासून टेल्मिसार्टन ही बीपीची गोळीही.

गावात कुठेही मोजलं की १३४/८६ च्या आसपास यायचं आणि पट्टा सोडता सोडता समोरचा म्हणायचा, "नॉर्मल आहे ताई." नाशिकच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी तोच आकडा बघून पेन खाली ठेवलं. ल्युपसमध्ये बीपी १३०/८० च्या खाली ठेवण्याचा विचार करावा, असं युलार या युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय. टोरंटोच्या ल्युपस क्लिनिकमध्ये दीड हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १३० ते १३९ मध्ये रेंगाळणाऱ्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झालेले दिसले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बीपी तं म्हताराले ऱ्हास, तुले कसं काय?" प्रश्न रास्त होता. १९९७ साली पिट्सबर्गच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस असलेल्या बायकांना हार्ट अटॅकचा धोका त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पटींहून जास्त निघाला होता. या वयात इतर बायकांना अटॅक फार क्वचित येतो, म्हणून तो आकडा इतका फुगलेला दिसतो. तरी वाचल्यावर दोन रात्री झोप नव्हती. आजाराची सूज रक्तवाहिन्यांना आतून खराब करते, आजार किडनीवर आला की बीपी चढतं, आणि स्टेरॉइड त्यात भर घालतं.

आता मशीन. पहिलं दिरांनी हौसेनं आणलेलं, मनगटाचं. थंडीत माझी बोटं पांढरी-निळी पडतात, मनगट जरा खालीवर झालं की आकडा १५ ने हलायचा. ते परत केलं. दंडाचं आणलं तर आकडा सतत जास्त. पंधरा दिवस घाबरून काढले, मग खोक्यावर बारीक अक्षरात दिसलं: पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. स्टेरॉइडने माझा दंड ३५ चा झालाय! आखूड पट्ट्यावर बीपी खोटंच जास्त येतं. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, पैसेही वेगळे. ॲडॅप्टरही वेगळा. दुकानदाराने यातलं काहीच सांगितलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा आधी शिंप्याच्या टेपने दंड मोजा. नवा पट्टा घेऊन मशीन दवाखान्यात नेलं, त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं. ३-४ चा फरक आला, तो चालतो म्हणाले.

सगळ्यात जास्त राग पडद्याच्या कडेच्या रंगीत पट्टीचा आहे. १३४ आलं तरी ती हिरवीच. घरातले लांबून हिरवं बघतात आणि म्हणतात, "झालं ना, बरं आहे." ती पट्टी ल्युपसवाल्यांना धरून आखलेली नाही. मी तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि वहीत आकडे लिहायला लागले. पद्धत डॉक्टरांचीच: तपासणीला जाण्याआधी सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. अर्धा तास आधी चहा नाही, हे मला गोळ्यांपेक्षा कठीण गेलं.

वहीने जे दाखवलं ते मशीनच्या मेमरीने कधीच दाखवलं नसतं (सेल बदलले की तारीखच पुसली जाते). डिसेंबरात सांधे धरले म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक तीन दिवस घेतली आणि १४८/९२. या दुखीच्या गोळ्या बीपी चढवतात, किडनीलाही त्रास देतात. डॉक्टरांनी बंद करायला लावल्या, आठवड्यात आकडे खाली. फेब्रुवारीत स्टेरॉइड वाढवलं तेव्हा मात्र बीपी हळूहळू, दोन आठवड्यांत चढलं. तो चढ एका तपासणीत कुणाला दिसला असता?

खाण्याचं सांगते, कारण आपल्याकडे तिथेच गाडं अडतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. भरीत आणि कळण्याची भाकरी चालते, मीठ आपल्या हातात असतं. शेवभाजी गेली. पापड-बिबडे गेले, मिठाबरोबर पापडखारातही सोडियमच. जावेने कौतुकाने "बीपीचं मीठ" आणलं, ते डॉक्टरांनी हातात घेऊन परत दिलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसोबत, किडनी नाजूक असताना, रक्तात पोटॅशियम चढू शकतं. मग केळी? माझं माहेर रावेरकडचं. तिथे केळं नको म्हणणं म्हणजे पाहुणचार नाकारणं. रक्ताचा रिपोर्ट बघून मला दिवसाला एक मिळालंय. दुसरं मी मागितलं नाही.

मेमध्ये पारा ४४ च्या पुढे गेला आणि वही उलटी बोलायला लागली. उन्हात मी तशीही जात नाही, पण घरातसुद्धा उठताना डोळ्यांपुढे अंधारी, बसून ९८/६०. डोस मी स्वतः हलवला नाही. डॉक्टरांना आकड्यांचा फोटो पाठवला, त्यांनी गोळी अर्धी केली आणि किडनीची तपासणी लगेच करायला लावली. आता पावसाळ्यात हळूहळू परत पूर्ण. गेल्या महिन्याची सरासरी १२४/७७.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा पट्ट्याचा आणि त्या हिरव्या रंगाचा कापला. आणखी एक, घरात दोघं वापरणार असाल तर दोन माणसांसाठी वेगळं बटण असलेलंच घ्या. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मेमरी चाळली, मध्येच १५२ बघून गोळी वाढवायला निघाले होते. वहीत तो आकडा नव्हता. घरी येऊन विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, रोज दुपारी त्याच मोजून बघतात. पुढच्या सोमवारी त्यांची पहिली तपासणी आहे.