गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हालचाल मोजायची तर वॉच, मोबाईल की वही?

माझ्या मावसबहिणीला सहावा महिना लागलाय, नाशिकला सिडकोत राहते, परवा तिचा मेसेज आला की ताई स्मार्ट वॉच घेऊ का, डॉक्टर म्हणतायत रोज चाल पण किती झालं ते कळतच नाही. माझं बाळ आता वर्षाचं होईल आणि या काळात मी वॉच, मोबाईल, कमरेचं पेडोमीटर म्हणजे पावलं मोजायचं छोटं यंत्र, वही सगळं वापरून झालंय, त्यामुळे तिला बरंच काही सांगण्यासारखं होतं.

आधी मोजायचं काय ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय की गरोदर आणि बाळंतीण बाईने, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. म्हणजे साधारण पाच दिवस अर्धा अर्धा तास. यात मिनिटं आहेत, पावलं नाहीत. दहा हजार पावलांचा जो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय तो 1965 साली जपानमध्ये आलेल्या एका पेडोमीटरच्या नावावरून चालत आलाय, त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर. आठव्या महिन्यात पाय सुजलेले असताना त्या आकड्याच्या मागे अजिबात लागू नका.

कमरेला लावायचं पेडोमीटर स्वस्त मिळतं, पण पोट वाढलं की ते पुढे झुकतं आणि आतली स्प्रिंग नीट हलत नाही, पावलं सुटतात. माझं सातव्या महिन्यातच कपाटात गेलं.

मोबाईल फुकटात मोजतो हे खरं, पण अंगावर असेल तरच. घरात आपण गाऊन घालतो त्याला खिसा नसतो, फोन ओट्यावर चार्जिंगला आणि आपण दिवसभर या खोलीतून त्या खोलीत, त्यातलं काहीच मोजलं जात नाही. बाहेर चालायला मात्र फोन उत्तम, कमरेला छोटा पाऊच बांधला की झालं.

आता वॉच. ऑफिसला जाणारी असाल, दिवसभर खुर्चीवर, तर उठा म्हणून दर तासाला मनगटावर थरथरतं ते फार उपयोगाचं. पण हार्ट रेटच्या झोनवर, म्हणजे ठोक्यांवरून वॉच व्यायाम हलका की भारी ठरवतं त्यावर, भरवसा ठेवू नका, कारण गरोदरपणात नुसतं बसलेलं असतानाही ठोके मिनिटाला 10 ते 20 ने वाढलेले असतात, वॉचला ते माहीत नसतं आणि साध्या चालण्यालाही ते भारी व्यायाम म्हणतं. कॅलरीचा आकडा तर सोडूनच द्या. त्यापेक्षा बोलून बघा, चालताना गप्पा मारता येतायत पण आरती म्हणायला गेलं तर दम लागतो, हा मध्यम जोर, दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर वेग कमी करा. मी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर आईबरोबर हेच करायचे, तिच्याशी बोलता बोलता दम लागला की तीच माझा हात धरून हळू करायची.

बाळ झाल्यावर वॉचचा घोळ अजून वाढतो. एका संध्याकाळी बाळ झोपेना म्हणून मी पलंगावर बसून पाळण्याची दोरी ओढत होते, पंधरा-वीस मिनिटांनी बघितलं तर बसल्या बसल्या चारशेच्या वर पावलं! आणि दुसऱ्या दिवशी बाबागाडी ढकलत गोदापार्कला चांगली अर्धा तास चालले तर वॉचने निम्मीसुद्धा पावलं धरली नाहीत, कारण दोन्ही हात दांड्यावर, मनगट हलतच नव्हतं. खिशातल्या फोनने तीच पावलं नीट मोजली होती. बाळाला कडेवर घेऊन फिरतानाही तसंच होतं. आणि पाजताना पट्ट्याचं बक्कल बाळाच्या गालाला घासलं, बारीक लाल ओरखडा उठला, तो बघून मला इतकं वाईट वाटलं की तेव्हापासून घरात वॉच काढूनच ठेवते.

म्हणून माझं मत वहीच्या बाजूने आहे, कुठल्या कामाला किती वेळ गेला ते तिच्यात लिहायचं. गरोदर बायकांच्या हालचालीसाठी 2004 साली अमेरिकेत एक प्रश्नावली केली गेली, तिच्यात 32 कामांना किती वेळ जातो ते विचारतात, आणि त्यात स्वयंपाक, मुलांना उचलून घेणं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं करणं हे सगळं आहे. आपला दिवस जातो तो यातच ना! पावलं मोजणाऱ्या यंत्राला बादली उचललेली दिसत नाही. वहीचा तोटा एकच, आठवड्याने लिहायला बसलं तर आठवत नाही, जागरणात तर नाहीच नाही, म्हणून रोज झोपायच्या आधी दोन ओळी.

सव्वा महिन्यात तर मोजायच्या फंदात पडूच नका, सिझर असेल तर नक्कीच नाही, घरातल्या घरात हळूहळू फिरा आणि बाकी डॉक्टर सांगतील तसं. आणि कधीही अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं, एकाच पोटरीत दुखून सूज आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा, 150 मिनिटं गेली खड्ड्यात.

बहिणीला म्हटलं आत्ता वॉचवर पैसे घालू नको, चालताना फोन कमरेला आणि उशाशी वही ठेव, पुढे ऑफिस सुरू झालं की वॉचचं बघू. काल तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला, "सकाळी 20 मिनिटं, बोलता येत होतं. संध्याकाळी पाऊस, घरातच 10. दुपारी धुणं वाळत घालताना पाठ भरून आली, सोमवारी डॉक्टरांना विचारायचं."